शेवटी दवाखान्यातच बसणार आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा फोनवर म्हणाले, "एवढं शिकून शेवटी दवाखान्यातच बसणार का?" मी ड्युटीला निघाले होते, म्हणून विषय बदलला. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. माझ्या परीक्षांच्या फीसाठी त्या वर्षीच्या एक्स्पोर्टच्या द्राक्षांचे सगळे पैसे तुम्ही दिलेत, तेव्हा विचारायचा हक्क तुमचाच आहे. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

निर्णय आधी सांगते. जूनमध्ये माझं इथलं, अमेरिकेतलं, फॅमिली मेडिसिनच्या शिक्षणाचं तिसरं वर्ष संपेल. त्यानंतरची तीन वर्षं मी याच क्लिनिकमध्ये राहायला होकार दिला आहे. माझ्यासारख्या जे-१ व्हिसावर, म्हणजे शिकण्यासाठीच्या व्हिसावर, आलेल्या डॉक्टरला शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, किंवा जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षं काम करावं लागतं. १९९४ पासून ही सवलत आहे, आता एका राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांपुरती. त्या सवलतीचा अर्ज मी करणारच आहे. पण मी केवळ व्हिसासाठी इथे अडकले आहे असं समजू नका.

बाबा, कॅलिफोर्निया राज्यातला हा केर्न काउंटीचा, म्हणजे केर्न जिल्ह्याचा, भाग तुम्ही एकदा बघायला हवा. मैलोन् मैल द्राक्षांच्या बागा. आपल्याकडे ज्याला आपण नुसतं 'थॉमसन' म्हणतो, त्या जातीला हे नाव याच कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदारावरून पडलं. मे महिन्यात एक बाई आल्या, मानेवर आणि मनगटांवर लाल पुरळ. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांनी सोडला आणि खोलीत गंधकाचा वास पसरला. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारून तुम्ही घरी यायचात, तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा तोच वास. मी लगेच विचारलं, आज बागेत गंधक मारलं होतं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना स्पॅनिशही जेमतेम येत होतं, मिश्तेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारा दुभाषी फोनवर घेतला होता. पुरळाचं मलम लिहून देता देता बोटातून रक्त घेतलं, तर साखर ३८०. त्या साखरेसाठी आल्याच नव्हत्या, कधी तपासलीही नव्हती. दवाखान्यात आलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. आपल्याकडे विरळणीला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बायका काय वेगळं सांगतात?

आता पैशांचं सांगते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर पुढची जी वर्षं काम करत शिकायचं असतं, त्याचा मोठा खर्च केंद्र सरकार मेडिकेअरमधून उचलतं. मेडिकेअर म्हणजे १९६५ च्या कायद्याने आलेला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा. हा पैसा जातो हॉस्पिटलांना, म्हणून डॉक्टरही हॉस्पिटलातच घडतात. त्यात १९९७ च्या कायद्याने बहुतेक हॉस्पिटलांच्या या पैशातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या जागा १९९६ च्या आकड्यावर गोठवल्या. त्याच १९६५ साली इथून जवळच्या डेलानो गावात मजुरांनी द्राक्षतोडणी बंद केली होती. आधी फिलिपिनो मजूर, मग मजुरांचे नेते सीझर चावेझ यांची माणसं त्यांना येऊन मिळाली, आणि तो संप पाच वर्षं चालला. गरिबांच्या वस्तीतली सरकारी मदतीची पहिली आरोग्य केंद्रंही त्याच सुमाराची, बॉस्टन आणि मिसिसिपीतली. म्हणजे केंद्रं आली, पण तिथे बसणारा डॉक्टर तिथेच तयार व्हावा यासाठी पैसा यायला २०१० उजाडलं. त्या वर्षीच्या आरोग्य कायद्यात पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर ठेवले गेले, आणि ते हॉस्पिटलऐवजी थेट वस्तीतल्या अशा क्लिनिकांना मिळू लागले. मी त्याच योजनेतून शिकते आहे.

हा पैसा नेमका कुठे जातो, ते मलाही इथे आल्यावरच कळलं. माझा पगार त्यातून होतोच. शिवाय मी पेशंट तपासत असताना शेजारच्या खोलीत एक अनुभवी डॉक्टर फक्त आमच्यासाठी बसलेल्या असतात. त्या वेळेत त्या स्वतःचे पेशंट बघू शकत नाहीत, म्हणजे क्लिनिकचं तेवढं उत्पन्न बुडतं. ते भरून काढायला हा पैसा लागतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला शिकवलं की या खोऱ्यात खोकला लांबला की आधी धूळ विचार. इथल्या मातीत एक बुरशी आहे, तिने 'व्हॅली फीव्हर' होतो आणि तो अगदी न्यूमोनियासारखा दिसतो. दूरच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकले असते तर तो मी पुस्तकात वाचला असता.

आई, सुरगाण्याकडच्या आरोग्य केंद्रातलं माझं सक्तीच्या सरकारी सेवेचं, बॉण्डचं वर्ष आठवतं ना तुला? मी दर पंधरा दिवसांनी घरी यायचे आणि नुसती झोपायचे. सर्पदंशाचा तो मुलगा आला त्या रात्री मी एकटी होते. विषावरचं इंजेक्शन होतं, पण श्वास मंदावल्यावर पुढे काय करायचं हे विचारायला माणूस नव्हता. नाशिकपर्यंत रुग्णवाहिकेत मी त्याला हाताने फुगा दाबून श्वास देत नेलं. तो वाचला. पण सरकारने मला तिथे फक्त पाठवलं होतं, तिथल्या कामासाठी तयार केलं नव्हतं. आणि गावातली माणसं पहिल्या आठवड्यापासून एकच विचारायची, "मॅडम, तुम्ही कधी जाणार?" त्यांना सवयच झाली होती. वर्ष संपलं आणि मीही गेले. ते अजून टोचतं मला.

म्हणून, बाबा, दवाखान्यात बसणं हे मला कमी वाटत नाही. त्या बाई आता दर महिन्याला येतात. साखर १६० वर आली आहे. माझ्याऐवजी दरवेळी नवा डॉक्टर असता, तर त्या दुसऱ्यांदा आल्या नसत्या असं मला खात्रीने वाटतं.

राहिली तुमची दुसरी शंका, हा पैसा बंद झाला तर? ती रास्त आहे, मी लपवत नाही. मेडिकेअरचा पैसा कायमचा असतो, आमचा पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. सुरुवातीला एका शिकाऊ डॉक्टरमागे वर्षाला दीड लाख डॉलर मिळत, मधे ते ९५ हजारांवर आले आणि काही केंद्रांना नवे डॉक्टर घेणं परवडेना. २०२३ नंतर तर काही महिन्यांच्या, कधी काही आठवड्यांच्याच मुदतवाढी मिळत गेल्या. शिक्षण तीन वर्षांचं आणि हमी तीन महिन्यांची, हे मला अन्यायाचं वाटतं. हंगामाच्या मधे कर्ज थांबलं तर बागेचं काय होतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! आम्ही सगळ्या शिकाऊ डॉक्टरांनी मिळून इथल्या खासदारांना पत्रं लिहिली आहेत. माझ्या पत्रात मी ती गंधकाची गोष्ट लिहिली, बाईंचं नाव न घेता. माझी जूनपर्यंतची जागा क्लिनिकने पक्की धरली आहे, आणि त्यापुढची नोकरी या पैशावर अवलंबून नाही. माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींची मात्र काळजी वाटते.

बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी घेताय ना? आठवड्याचे आकडे आईला वहीत लिहायला सांगा आणि पानाचा फोटो पाठवा. आई, तुझी साखर तपासून सहा महिने झाले, या महिन्यात नक्की जा. यंदा ऑक्टोबर छाटणी कधी घेताय तेही कळवा. इथे अजून तोडणी चालू आहे.

तुमची,
ताई