विनाचालक गाडीची वाट पाहणाऱ्या मित्रास

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. काचबिंदूमुळे नजरेचा घेर आणखी आखडलाय आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलंय, हे ऐकून फार वाईट वाटलं. तू मात्र सरळ मुद्द्यावर आलास. आपोआप चालणाऱ्या गाड्या येताहेत म्हणतात, त्यांची आशा धरू का? आणि घरचे म्हणतात यंत्राच्या हाती जीव कोण देणार, त्यांना काय सांगू? फोनवर हे अर्धवट राहिलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आशा जरूर धर. पण कोणत्या गाडीची धरायची आणि कोणत्या नाही, यात घोळ होऊ देऊ नकोस. तुझ्या बाबतीत तो घोळ जिवावर बेतेल.

आज शोरूममध्ये जी 'स्वतः चालणारी' म्हणून दाखवतात, ती बहुतेक वेळा चालकाला मदत करणारी गाडी असते. पुढच्या गाडीपासून अंतर राखते, लेनमध्ये राहते, गरज पडली तर ब्रेक लावते. पण रस्त्यावर नजर ठेवायची ती माणसानेच, आणि काही चुकलं तर जबाबदारीही त्याचीच. अभियंते शून्य ते पाच अशा पातळ्या मानतात, त्यात ही दुसरी. ज्यात चालकाची जागा रिकामी असते आणि गाडी अडचणीतून स्वतःच बाहेर पडते किंवा सुरक्षित थांबते, ती चौथी. ती ठरावीक शहरांच्या ठरावीक भागातच धावते. कुठेही, कशाही हवेत चालेल अशी पाचवी पातळी अजून कुणी गाठलेली नाही. तुला हवी आहे ती चौथी. दुसरी तुझ्यासाठी नाही, कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

हे इतकं ठासून का सांगतोय ते सांगतो. मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या अशाच गाडीत शेजारी बसून लांबचा प्रवास केला. हमरस्त्यावर गाडी इतकी सुरेख चालली होती की त्याचे हात हळूहळू स्टिअरिंगवरून मांडीवर आले, गप्पा रंगल्या. पुढे रस्त्याचं काम सुरू होतं. जुने पांढरे पट्टे नीट पुसले नव्हते आणि नवे पिवळे पट्टे त्यांना तिरके छेदत गेले होते. गाडी क्षणभर जुन्या पट्ट्यामागे गेली, बीप वाजला, आणि तिने सगळं त्याच्यावर सोपवलं. त्याने सावरलं, कारण त्याची नजर धडधाकट आहे. पण 'आपण कुठे आहोत' हे कळायला त्याला जो वेळ लागला, तो मी शेजारून पाहिला. दिलीप, त्या जागी तू असतास तर बाजूचे अडथळे तुला दिसलेच नसते.

यात त्या माणसाचा आळस नाही. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हे मांडलं होतं: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते फक्त लक्ष ठेवणं आणि ऐन संकटात हात घालणं. पहिलं माणसाला फार वेळ जमत नाही आणि दुसऱ्याचा सराव सुटलेला असतो. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, ऑटोपायलट सुटला, आणि अचानक हाती आलेलं विमान प्रशिक्षित वैमानिकांनाही सावरता आलं नाही. तंत्रज्ञानावर विसंबण्याची मला खरी भीती वाटते ती इथे, या अर्ध्यामुर्ध्या टप्प्यात.

आता आशेबद्दल. कॅलिफोर्नियात स्टीव्ह माहन नावाचे गृहस्थ होते, कायद्याच्या व्याख्येनुसार अंध. ऑक्टोबर २०१५ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ते गूगलच्या छोट्या गाडीत बसून सार्वजनिक रस्त्यांवरून एकटे फिरून आले. त्या गाडीला ना स्टिअरिंग होतं, ना पेडल. जेमतेम अकरा वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, मोहावीच्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत झाली होती. एकही गाडी शेवटापर्यंत पोचली नव्हती आणि सगळ्यांत पुढे गेलेली बारा किलोमीटरही गेली नव्हती. ऑक्टोबर २०२० पासून गूगलच्याच या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या वेमो कंपनीने अमेरिकेतल्या फीनिक्स भागात चालकाविना गाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुल्या केल्या. त्यांच्या संशोधकांनी पुढे ५ कोटी ६७ लाख मैलांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात माणसांच्या तुलनेत दुखापतीचे अपघात बरेच कमी आहेत. हिशेब कंपनीचा आहे आणि निवडक शहरांचा आहे, हे धरून वाच, पण उडवून लावू नकोस. माणसांच्या हाती स्टिअरिंग असताना जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ च्या अहवालातला आकडा आहे.

वहिनींना हा आकडा ऐकवून त्यांची भीती घालवायला जाऊ नकोस. जाणार नाही, आणि माझ्या मते जाऊही नये. अमेरिकेतली ट्रिपल ए ही वाहनचालकांची संघटना दरवर्षी लोकांना विचारते. अशा गाडीत बसायला भीती वाटते म्हणणारे २०२२ मध्ये ५५ टक्के होते, २०२३ मध्ये ६८ टक्के झाले. गाड्या सुधारत असताना भीती वाढली. 'लोकांना कळत नाही' असं म्हणून ही गोष्ट निकालात काढणाऱ्यांचा मला राग येतो. लोकांना पुष्कळ कळतं.

मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी गावी उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं, त्या गेल्या. तपास अहवाल वाचून मी सुन्न झालो. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला त्या 'दिसल्या' होत्या. पण ती ठरवत राहिली: वाहन, मग दुसरं काहीतरी, मग सायकल, पुन्हा वेगळं. दर वेळी नवं नाव दिलं की ती वस्तू आधी कुठून कशी सरकत आली हा हिशेब पुसला जाई, त्यामुळे ती कुठे चाललीय याचा अंदाजच बांधता येईना. क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हे तिच्या रचनेत धरलेलंच नव्हतं. गाडीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक चाचणीदरम्यान बंद ठेवलेला होता. लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्ती फोनकडे पाहत होती. या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी माणसाने घेतलेला निर्णय आहे. फौजदारी खटला मात्र उभा राहिला तो फक्त त्या बसवलेल्या व्यक्तीवर.

ऑक्टोबर २०२३ मधलं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. एका माणसाने चालवलेल्या गाडीने बाईंना उडवलं आणि त्या क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीसमोर पडल्या. गाडीने ब्रेक लावला, थांबली, आणि नंतर बाजूला होण्यासाठी पुन्हा निघाली. तेव्हा त्या खाली अडकलेल्या होत्या, सुमारे वीस फूट फरफटल्या. पहिली धडक कंपनीची नव्हतीच. पण सरकारी तपासाला दिलेल्या लेखी अहवालात फरफटल्याचा उल्लेखच नव्हता. परवाना निलंबित झाला, पुढे खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल केलं, दंड भरला, आणि २०२४ च्या अखेरीस तो धंदाच गुंडाळला गेला. यंत्राची चूक लोक एक वेळ समजून घेतील, दडवादडवी का समजून घ्यावी?

म्हणून वहिनींना एवढंच सांग की तुमची भीती योग्य ठिकाणी लावा. गाडीला डोळे किती आणि लेझर किती, हे विचारण्याआधी विचारा: चूक झाली तर जबाबदार कोण, नोंदी कुणाकडे राहतात, आणि कंपनीबाहेरच्या कुणाला त्या तपासता येतात का? ज्या गाडीबद्दल याची सरळ उत्तरं मिळतील, तिच्यात तुला बसवून द्यायला मी स्वतः येईन.

आणि एक, तू निरोपात म्हणालास की फोन वाचून दाखवतो, फोन रस्ता सांगतो, आता गाडीही यंत्रच चालवणार, मग मी उरलो किती? हे वाक्य मला फार लागलं. असा विचार करू नकोस. चष्मा लावणारा माणूस कमी होत नाही. फक्त जे अजून तुझ्याकडे आहे ते आपण होऊन सोडून देऊ नकोस. रोजचे रस्ते वळणावळणाने तुला पाठ आहेत, ते पाठच ठेव. जीपीएसवर वर्षानुवर्षं विसंबणाऱ्यांची जागांची स्मरणशक्ती तुलनेने कमकुवत आढळली, असं संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय. जवळपास जाताना फोन खिशात राहू दे.

या सगळ्या वादात मला एक गोष्ट सलते. सर्वेक्षणात विचारतात, भीती वाटते का? उत्तर देणारे बहुतेक जण स्वतः गाडी चालवू शकणारे. त्यांच्यापुढे प्रश्न स्टिअरिंग सोडण्याचा असतो. ज्याच्या हातून ते आधीच गेलंय, त्याला दवाखान्यात, बँकेत, मित्राकडे दुसऱ्याची सोय बघून जावं लागतं. नियम करताना हा माणूस खोलीत नसतो. माहन यांच्यासारखे थोडे बोलले, आणखी बोलायला हवेत. तू लिहायला हवंस. गाडी बंद झाल्यापासून कुठे जाणं सुटलं, कुणाला विचारायला जड जातं, दार कुठल्या बाजूने उघडतंय हे गाडीने तुला बोलून सांगावं का, चुकीच्या ठिकाणी उतरवलं तर तुला कसं कळावं, असलं सगळं. टाइप करणं त्रासाचं होत असेल तर बोलून रेकॉर्ड करून पाठव, मी उतरवून काढतो. मग ते कुणाकडे धाडायचं ते मिळून ठरवू.

थेंब वेळेवर घाल, पुढच्या तपासणीची तारीख कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश