हजेरी नव्हे, बदलीचे निकष बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सरकारी काम सुधारायचे म्हटले की आधी हजेरीचे यंत्र सुचवले जाते, मग रोख बक्षीस. दोन्ही करून झाले आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सरकारी परिचारिकांसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रे बसवली. गैरहजेरीचा पगार कापला जाणार म्हटल्यावर पहिले काही महिने उपस्थिती सुधारली. मग वरूनच हजेरीतून ‘सूट’चे दिवस मंजूर होऊ लागले आणि 16 महिन्यांत गाडी मूळपदावर आली. कारवाई करणाऱ्यांनीच हात सैल सोडल्यावर यंत्र काय करणार?

पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मालमत्ता कर निरीक्षकांना वसुलीच्या प्रमाणात जादा पैसे दिले. वसुली वाढली, पण बऱ्याच करदात्यांसाठी लाचेचा दरही चढला. आकारणी कमी ठेवण्यात आता निरीक्षकाचाही तोटा होता, तो त्याने भरून घेतला. त्याच प्रांतात पुढे पैशाऐवजी बदली वापरली. एका गटातल्या निरीक्षकांची कामानुसार क्रमवारी लावायची आणि पहिल्याने आधी आवडीचे क्षेत्र निवडायचे, मग दुसऱ्याने. एवढ्यावर वसुलीची वाढ लक्षणीय झाली. खर्च जवळपास शून्य. अट एकच, मध्ये शिफारस नको. आणि ज्याच्या आवडीची जागा दुसऱ्या कोणालाच नको, त्याला ती तशीही मिळणार, म्हणून त्याच्यावर याचा फारसा परिणाम होत नाही हेही धरून चालावे.

क्रमवारी लावायची कशावर, इथे मात्र हमखास घोळ होतो. ‘निकाली प्रकरणांची संख्या’ हा सर्वात सोपा आणि सर्वात वाईट निकष. सोप्या फायली आधी उडवल्या जातात, किचकट तळाशी जातात आणि मुदत संपता संपता ‘त्रुटी’ काढून अर्ज परत पाठवला की तोही निकालीत धरला जातो. त्याऐवजी टेबलावरची सर्वात जुनी फाइल किती दिवसांची, आणि एकाच अर्जात दुसऱ्यांदा त्रुटी किती वेळा काढली, हे पाहावे. त्रुटी एकदाच, सगळ्या एकत्र कळवायच्या. फेरअर्ज आला तरी दिवस पहिल्या तारखेपासूनच मोजायचे. अर्जदाराकडे किंवा दुसऱ्या विभागाच्या अभिप्रायासाठी गेलेले दिवस वेगळ्या रकान्यात हवेत, नाहीतर दुसऱ्याच्या दिरंगाईचा शेरा कारकुनाच्या नावावर पडतो.

हे आकडे वर्षाअखेरच्या कामगिरीच्या अहवालात वाचून उपयोग नाही. तिथे बहुतेकांना वरची श्रेणी मिळते, कारण खालची श्रेणी दिली तर लेखी कारणे द्यावी लागतात. दर आठवड्याला पर्यवेक्षकाने प्रत्येक टेबलाशी पंधरा मिनिटे बसावे आणि जुन्यातल्या जुन्या तीन फायली कुठे अडल्या एवढेच विचारावे.

अतिरिक्त कार्यभाराची फाइल मूळ टेबलाच्या हिशेबात मिसळू नये. रिक्त पदाचे काम नेहमी जो उरकतो त्याच्याकडेच सरकवले जाते. त्याचीच सरासरी बिघडून तो क्रमवारीत खाली गेला, तर पुढच्या वेळी तोही उरकणार नाही.

आपला,
एक वाचक