ट्रायपॉड नाही म्हणून कॅमेरा घरी ठेवायचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आतषबाजीच्या फोटोंवर तुमच्या पुरवणीत जो लेख आला त्यात पहिलंच वाक्य होतं, ट्रायपॉड नसेल तर नादाला लागू नका. हे काही पटलं नाही बुवा. गर्दीत ते तीन पाय पसरायला जागा असते कुठे, आणि पसरलेच तर कोणीतरी अडखळणारच.

लेखातलं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं तोंड म्हणजे अ‍ॅपर्चर, आकडा मोठा तितकं ते लहान) आणि तीन-चार सेकंद शटर उघडं हे स्टँडवर बरोबरच आहे. पण मुद्दा असा की फटाक्याची ठिणगी स्वतःच उजेड असते आणि ती सतत पळत असते, त्यामुळे तिची रेघ किती उजळ येणार ते अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, शटरने फक्त रेघेची लांबी बदलते. म्हणजे हातात कॅमेरा धरून शटर १/१५ सेकंद ठेवलं तरी रेघा काळ्या पडत नाहीत, आखूड येतात एवढंच. लोक उगाच घाबरून आयएसओ ३२०० करतात आणि मग लाल-हिरवं सगळं जळून पांढरंफटक! आयएसओ २००-४०० आणि एफ ८ च्या आसपास ठेवून बघा, तरी पांढरं आलं तर एफ ११. वाइड लेन्स आणि स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) असेल तर १/४ सेकंदही निभतं, नसेल तर १/३० वर या.

हात हलला की नाही हे फोटो झूम केला की लगेच कळतं, सगळ्याच रेघांना एकाच दिशेला सारखाच बाक आलेला असतो. काळ्या आकाशात तो फारसा खुपत नाही, पण खाली खिडक्या किंवा रस्त्यावरचे दिवे आले की त्यांच्या अळ्या होतात, म्हणून फ्रेममध्ये शक्यतो आकाशच घ्या. कोपरं छातीला टेकवा, भिंत मिळाली तर पाठ टेकवा. फोकस मॅन्युअल करून लांबच्या एखाद्या दिव्यावर लावून ठेवा, अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडत बसतो. आणि आवाजाची वाट बघू नका, एक किलोमीटरवरून तो तीन सेकंद उशिरा येतो, तोवर खेळ संपलेला. बॉम्ब वर चढताना जी शेपटी दिसते ती संपली की बटण.

सुरुवातीची काही मिनिटं सोडू नका, नंतर धूर साचतो. आणि फ्लॅश बंद करा हो, त्यात फक्त पुढच्या माणसाचं टक्कल उजळतं.

पुढच्या वेळी स्टँड नसलेल्यांसाठीही एक चौकट छापा ही विनंती.

आपला,
एक वाचक