तपासणी झाली, चष्म्याचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्यातल्या शाळांमधील गेल्या वर्षीच्या आरोग्य तपासणीचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याची बातमी काल आपल्याकडे वाचली. रात्री झोप लागली नाही.

माझी मुलगी सहावीत आहे. गेल्या वर्षी शाळेत पथक आले, एका दिवसात सगळे वर्ग उरकले. तिच्या कार्डावर डोळ्यांपुढे ‘नॉर्मल’ लिहून आले. त्यानंतर कित्येक महिने ती शेजारच्या मुलीच्या वहीत बघून फळ्यावरचे उतरवत होती. चुकले की बाई रागवायच्या आणि घरी मीही ‘तुझे लक्षच नसते’ म्हणून ओरडायचे. दिवाळीत तिच्या आत्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, तर दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर! चष्मा मिळाला त्या दिवशी एसटीतून येताना तिने दुकानांच्या पाट्या एकेक करून मला वाचून दाखवल्या. मला रडू आवरेना. शाळेत कसे तपासले विचारले, तर म्हणाली, “तक्ता चार पावलांवर होता, आणि पुढची मुलगी म्हणाली तेच मी म्हटले.” तो तक्ता २० फुटांवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा असतो.

योजना चांगलीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. वर्षातून एकदा डॉक्टर शाळेत येतात, दोष सापडला तर पुढचे उपचार मोफत, गरजू विद्यार्थ्यांना चष्माही सरकारकडून मिळतो. मग बातमीत तपासलेल्या मुलांचाच आकडा का? चष्मा किती जणांना लागला, हातात किती जणांच्या पडला, पुढे रुग्णालयात किती जण पोचले, हे आपल्या वार्ताहराने विचारावे. शाळेच्या मूल्यांकनात गुणही त्यावरच द्यावेत.

गुणांवरून आठवले. मूल्यांकनाची समिती येणार म्हणून आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला रंग लावला. कडी तुटलेलीच राहिली, नळाला पाणी नाही. मुली शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाहीत. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ते वापरता येते का, हे समितीने एका तरी मुलीला विचारायला हवे होते.

यंदाचे पथक पुढच्या महिन्यात येणार आहे. त्या दिवशी कामावर खाडा करून मी शाळेत थांबणार आहे आणि २० फूट मोजून खडूची रेघ मारून देणार आहे. मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवले आहे.

– सहावीतल्या मुलीची आई