हँडल किती उंच चालेल? मंत्रिमहोदय, कायद्यात मोजमाप लिहा

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

बावीस वर्षांचा असताना मी माझ्या मोटरसायकलचे कंपनीचे हँडल काढून उंच हँडल बसवले. मुठी कानांच्या रेषेत येत होत्या. काम अर्ध्या तासात झाले. वायरी जुन्याच ठेवल्या, टाकीखालून जरा ओढून घेतल्या. चौथ्या दिवशी यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळवले आणि मूठ न पिळताच गाडीची रेस वाढली. वळवलेल्या हँडलने ॲक्सिलेटरची वायर ओढली होती. गाडी वळण सोडून सरळ दुभाजकाकडे निघाली. क्लच दाबला गेला म्हणून गुडघा सोलण्यावर निभावले.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझा उजवा खांदा दुखावला. पुढे वाकून गाडी चालवणे जमेना, मान आखडू लागली. तेव्हा हँडलखाली पाच सेंटिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवले, सगळ्या वायरी आणि ब्रेकचा पाइप नीट तपासून घेतला. पाठ सरळ झाली, कोपर सैल राहू लागले, गाडीवरचा ताबा आधीपेक्षा चांगला झाला. म्हणजे हँडल उंच करून धोका कसा ओढवतो हे मी पाहिले आणि हँडल उंच करून गाडी सुरक्षित कशी होते हेही पाहिले. हा फरक माझ्या शरीराला कळला, पण कायद्याला तो अजून ओळखता येत नाही. म्हणून हे पत्र.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला : उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता आपण कोणाचेही आरसी बुक उघडून पाहावे. इंजिन क्रमांक आहे, चासी क्रमांक आहे, इंधन, रंग, आसनक्षमता आहे. हँडलची उंची मात्र त्यात नाही. मग रस्त्यावर उभा असलेला अंमलदार काय करणार? तो डोळ्यांनी अंदाज करतो. एकाला माझे पाच सेंटिमीटर खटकतात, दुसरा अर्ध्या मीटरचे हँडल पाहून हसून सोडून देतो. कलमाचा कडक अर्थ लावला तर आम्ही दोघे सारखेच गुन्हेगार. आरसीवरच्या नोंदीपुरता अर्थ लावला तर दोघेही निर्दोष. धोकादायक काय आणि निरुपद्रवी काय, हे या दोन्ही अर्थांत कुठेच येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उंच हँडल नेमके का घातक ठरते, हे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘दिसायला विचित्र’ एवढ्यावर बंदी घालणे मला मान्य नाही.

मोटरसायकल वेगात असताना उजवीकडे न्यायची तर उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. गाडी त्या बाजूला कलते आणि वळते. समोर अचानक कोणी आले की हे ढकलणे निमिषात व्हावे लागते. कोपर किंचित वाकलेले आणि हात छातीच्या उंचीवर असतील तर पूर्ण खांदा त्यामागे लागतो. मुठी खांद्यांच्या वर असल्या की तेच काम लोंबकळत्या हातांनी करावे लागते. या हँडलला जगभर ‘एप हँगर’ म्हणतात, फांदीला लटकलेल्या वानराच्या हातांवरून. त्या नावातच त्याची अडचण आहे.

त्याहून मोठा प्रश्न ब्रेकचा. जोरात ब्रेक लावला की शरीर पुढे फेकले जाते आणि आपण तळव्यांनी हँडलला रेटून ते थोपवतो. मुठी खांद्याच्या वर असतील तर रेटायला काहीच उरत नाही. धड दोन हातांच्या मधून पुढे झोकांडते. स्वाराला स्वतःला सावरण्यासाठी हँडल घट्ट आवळावे लागते आणि नेमक्या त्याच उजव्या हाताच्या बोटांनी पुढचा ब्रेक मोजून-मापून दाबायचा असतो. ही दोन कामे एकाच हातावर येऊन पडतात. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, ते फार चांगले झाले. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढेच. हाताला आधार देणे त्याच्या हातात नाही.

मग थकवा. हात हृदयाच्या वर बराच वेळ धरले की बोटांना मुंग्या येतात. घरी पंखा पुसताना हात वर धरून पाहावेत, दोन मिनिटांत कळते. त्यात छातीवर समोरून वारा, तो धडाला मागे ढकलणार आणि माणूस हँडलला धरूनच पुढे राहणार. तासाभराने क्लच दाबायलाही जोर लागतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवणारे सांगतात की आम्हाला या हँडलवर आराम वाटतो. मी त्यांना खोटे म्हणणार नाही. पण गाडीची परीक्षा त्या रस्त्यावर होत नाही, ती समोर कुत्रे आडवे आल्यावर होते.

आणि शेवटी लोखंडाची गोष्ट. मुठीवरचा जोर तोच ठेवून हँडलची उंची दुप्पट केली तर हँडल धरून ठेवणाऱ्या खालच्या क्लॅम्पवर येणारा पीळही दुप्पट होतो. बोल्ट थोडा सैल असेल तर ब्रेक मारताना हँडलच पुढे फिरते. हँडलचा कोन बदलला की ब्रेक ऑइलची डबी तिरकी होते, ऑइल कमी असेल तर हवा आत शिरण्याची भीती. ब्रेकचा पाइप तोकडा पडून ताणला जातो. आरशात स्वतःचेच मनगट दिसू लागते. यातले काहीही गाडी उभी असताना, फोटो काढताना दिसत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये प्राध्यापक हॅरी हर्ट यांच्या चमूने सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्याचा अहवाल १९८१ साली आला. चॉपर धाटणीचे किंवा कॅफे रेसर धाटणीचे बदल केलेल्या गाड्या अपघातांत त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त सापडतात, असा त्यातला एक निष्कर्ष होता. पहिल्या प्रकारात हँडल उंच, दुसऱ्यात खूप खाली. अशा गाड्या चालवणाऱ्यांची वृत्तीही त्या आकड्यात मिसळलेली असणार, म्हणून सगळा दोष हँडलवर टाकणे बरोबर नाही. पण खाली वाकवलेले हँडल दोषमुक्त आणि उंचच तेवढे वाईट, असेही कोणी समजू नये. मला विचाराल तर नियम दोन्ही टोकांचा हवा.

आता मोजायचे कसे? अमेरिकेत यावर अनेक दशके खल झालेला आहे आणि तिथल्या राज्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. बऱ्याच राज्यांनी बैठकीपासून मुठीपर्यंत १५ इंच अशी मर्यादा वर्षानुवर्षे ठेवली. फ्लोरिडाच्या कायद्यात हँडल स्वाराच्या खांद्याच्या वर जाता कामा नये. कॅलिफोर्नियात मुठी खांद्यापेक्षा सहा इंच वर गेलेल्या चालतात. बैठकीपासून मोजणे सोपे : गाडी उभी करा, टेप लावा, झाले. पण ज्याची बैठक खोल कापलेली आहे त्याला हा आकडा अन्याय करतो, आणि बुटक्या स्वाराला १५ इंचही जास्त होऊ शकतात. खांद्याचे माप माणसाला धरून आहे. त्याची अडचण एवढीच की थोरल्या भावाच्या हातात कायदेशीर असलेली गाडी धाकट्या बहिणीच्या हातात बेकायदा ठरेल.

तरीही मी खांद्याच्याच बाजूने आहे. वर लिहिलेले ब्रेकचे आणि वळवण्याचे सगळे धोके मुठी खांद्याच्या वर गेल्या की सुरू होतात, बैठकीपासून किती इंच झाले यावर नाही. बहिणीला ती गाडी नीट थोपवता येणार नसेल तर तिच्यासाठी ती बेकायदा ठरलेलीच बरी. कॅलिफोर्नियासारखी सहा इंचांची सूटही नको. स्वार नीट बसलेला, दोन्ही हात मुठीवर, आणि मूठ खांद्याच्या रेषेच्या वर नाही. एवढे वाक्य नियमात यावे.

त्याला एक चाचणी जोडावी, जी माझ्या त्या यू-टर्नच्या आधी कोणी केली असती तर माझा गुडघा वाचला असता. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. रेस वाढता कामा नये. ब्रेकचा पाइप ताणता कामा नये. लिव्हर टाकीला लागता कामा नये आणि मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली यायला हवी. याला ना यंत्र लागते ना प्रयोगशाळा, मोटार वाहन निरीक्षक हे मिनिटाभरात करू शकतो. जो बदल या दोन्ही कसोट्यांना उतरतो त्याची नोंद आरसीवर व्हावी, म्हणजे पुन्हा रस्त्यात वाद नको.

अशी वाट कायद्याला परकी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्येच मालकाला अटींच्या अधीन राहून आपले वाहन ‘अनुकूलित वाहन’ करून घेण्याची मुभा आहे, ती दिव्यांग व्यक्तींसाठी. वाहन माणसाच्या शरीराला जुळवून घ्यावे लागते, हे तत्त्व आपण तिथे मान्य केलेलेच आहे. मानेच्या मणक्याचा त्रास असलेला, आखूड हातांचा, वयस्क स्वार दिव्यांगांच्या व्याख्येत बसत नाही, पण त्याचे दुखणे खरे असते. त्याला तीन-चार सेंटिमीटरसाठी गुन्हेगार ठरवू नका, एवढीच विनंती.

विकणाऱ्याबद्दलही लिहायला हवे. आजचा सगळा भार विकत घेणाऱ्या पोरावर आहे. नुसते हँडल विकले जाते, लांब वायरी आणि पाइप कोणी देत नाही, क्लॅम्पला किती जोर सोसेल हे कोणी सांगत नाही. कलम १८२अ मध्ये ‘सुरक्षेसाठी अत्यावश्यक भाग’ म्हणून अधिसूचित झालेला सुटा भाग मानकांत न बसता विकला तर विक्रेत्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सुटे विकले जाणारे हँडल, रायझर आणि त्यांचे क्लॅम्प त्या यादीत स्पष्ट शब्दांत यावेत, आणि हँडल विकायचे तर त्याच्या मापाच्या वायरी आणि ब्रेक पाइपसह संचातच विकावे.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यातले कोण उंच हँडलमुळे गेले, हे सांगता येणार नाही, कारण अपघाताचा पंचनामा करताना हँडल कोणी मोजत नाही. अपघाताच्या नोंदीत ‘वाहनात केलेला बदल’ यासाठी एक वेगळा रकाना आणि त्यात हँडलची उंची लिहिण्याची सोय आपल्या मंत्रालयाने करून द्यावी. पाच वर्षांनी आपल्याकडे आपले आकडे असतील आणि तेव्हा माझे खांद्याचे माप चुकीचे ठरले तर मी आनंदाने मान्य करीन.

माझे ते उंच हँडल अजून माळ्यावर आहे, ओढलेल्या वायरीसकट. नियमाचा मसुदा करणाऱ्यांना ते हाताळून पाहायचे असेल तर सांगाल तिथे घेऊन येईन.

आपला नम्र,
एक दुचाकीस्वार