वॉचमनला शिव्या घालून काय होणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

जुलै २०२४ मधे बंगळुरात एका मॉलनं धोतर नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आत सोडलं नव्हतं ते आठवत असेल, पोराबरोबर पिक्चर बघायला आलेला माणूस आणि सिक्युरिटीवाले म्हणे पँट घालून या. बोंबाबोंब झाली, सरकारनं मॉल ७ दिवस बंद ठेवायला लावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या मेट्रोत मळके कपडे म्हणून एकाला अडवलं तेव्हा सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी गेली. म्हणजे गेटवरचा माणूस गेला, विषय संपला!

पण गेटवरच्याला हे शिकवतं कोण? आमच्या सोसायटीत कारनं आलं की कडक सलाम, नाव नाही गाव नाही, आणि चालत आलेल्यानं रजिस्टर भरायचं, मोबाईल नंबर द्यायचा. कामवाल्या मावश्यांना सर्व्हिस लिफ्ट, कचऱ्याचे डबे पण त्यातूनच जातात. मधे माझे सासरे सांगोल्याहून आले, धोतर, टोपी, पायात जाड वहाणा, हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि त्यात आमच्यासाठी डाळिंबं. वॉचमननं विचारलं, कुणाकडं कामाला आलाय? आणि बोट सर्व्हिस लिफ्टकडं. तेवढ्यात गुडघ्यावर फाटकी जीन्स आणि रबरी स्लिपर घातलेला एक पोरगा फोनवर बोलत सरळ आत गेला, त्याला कुणी हूं की चूं केलं नाही. (फाटकं पण महागातलं असावं लागतं बहुतेक.)

मी वॉचमनला नंतर विचारलं तर म्हणाला, साहेब, माझा बाप पण धोतरच नेसतो, पण चुकीचा माणूस आत सोडला की ग्रुपवर मेसेज पडतो आणि पगार माझा कापतात. १२ तास उभं राहणाऱ्या माणसाला अजून काय बोलणार?

खोड तशी जुनीच आहे. डिसेंबर १९२७ मधे महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की तुमच्या लुगडं नेसण्यावरून, गळ्यातल्या गळसऱ्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती खूण टाकून द्या. जोतीराव फुले उलट, १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या (राणी व्हिक्टोरियाचा मुलगा) समारंभाला मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले, समोर सगळी दागिन्यांनी मढलेली बडी मंडळी. दोघांनाही पक्कं माहीत होतं की इथं माणसाआधी कपडे वाचले जातात. आणि आपण त्यांच्या जयंतीला सोसायटीत फोटोला हार घालतो, ते ठीकच आहे.

३० सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या एजीएम, म्हणजे वार्षिक सभा होतात. माझी मागणी एवढीच, की कुणाला कुठल्या लिफ्टनं पाठवायचं आणि कुणाला गेटवर अडवायचं हे वॉचमनच्या कानात सांगू नका, स्वच्छ मराठीत लिहा, खाली चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या करा आणि नोटीस बोर्डावर लावा.

आपला,
एक वाचक, पुणे