पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या मैत्रिणीला

दादर, मुंबई
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय सखे,

तुझं पत्र काल मिळालं. रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा वाचलं. तलावाच्या निम्म्यातच धाप लागली, लेनची दोरी धरून उभी राहिलीस, शेजारून शाळकरी मुलं सपासप निघून गेली आणि कपडे बदलता बदलता तू ठरवलंस की ट्रायथलॉनमधून, पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या त्या स्पर्धेतून, नाव मागे घ्यायचं. घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

आधी श्वासाचं बोलू, कारण तू लिहिलंयस, ‘माझा दमच कमी आहे.’ रोज सकाळी पाच किलोमीटर धावणाऱ्या बाईचा दम कमी नसतो गं. पाण्यात तोंड गेलं की आपण श्वास कोंडून धरतो. मग तोंड बाहेर आलं की त्याच निमिषात आतली हवा सोडायची आणि नवी घ्यायची, अशी दोन्ही कामं करू बघतो. ती होत नाहीत. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव घाबरतो तो त्यामुळे. तोंड पाण्यात असेल तेवढा वेळ नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहा, सावकाश, न थांबता. मान वळवशील तेव्हा फक्त घ्यायचंच काम उरेल. सुरुवातीला उथळ बाजूला भिंत धरून नुसतं हेच कर. पोहूच नकोस त्या दिवशी.

हे मला कोणी शिकवलं सांगू? शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर आमच्या महिलांच्या बॅचला एक काकू येतात. साठी उलटलेली, गुडघे दुखतात म्हणून पाण्यात उतरल्या आणि मग पाण्यातच रमल्या. मी पन्नास मीटरच्या त्या लांबीकडे बघून हबकले होते. आजूबाजूचे सगळे मला ‘जमेल, जमेल’ म्हणत होते आणि मला ते ऐकून उलट रडू येत होतं. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “श्वास घेताना तू अख्खं डोकं वर काढतेस, म्हणून कंबर खाली जाते. मघाशी एकदाच नाही काढलंस, तेव्हा बघ कशी सरकलीस. तेवढंच परत कर.” मी ते परत केलं. त्या एका वाक्यानंतर मला तलावाची भीती उरली नाही असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी यायचं कारण मिळालं.

तेव्हापासून मला वाटत आलंय की नवशिक्याला धीर देणं हे मोठं बारकाव्याचं काम आहे. ‘तू करशीलच’ हे प्रेमाने म्हणतात सगळे, आपल्या घरचेही. पण म्हणणाऱ्याने आपल्याला नीट पाहिलेलं नसतं, आणि आपल्या मनाला ते बरोबर कळतं. ज्याने पाहिलंय तो एकच छोटी गोष्ट सांगतो, आणि ती खरी असते. म्हणून ती अंगी लागते.

मोठ्यांच्या गोष्टींचंही तसंच. आमच्या शिवाजी पार्कात मिलिंद सोमणांचं नाव निघालं की सगळ्यांची मान ताठ होते. २०१५ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी झुरिकची आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पूर्ण केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. मला त्याचा खराखुरा अभिमान आहे. पण ते राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. तलावाच्या भिंतीपाशी धापा टाकत उभी असताना मला त्यांची आठवण उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती आमच्यातली एक ताई. ती रुग्णालयात सिस्टर आहे, रात्रपाळी करून थेट तलावावर येते आणि माझ्या दोनच महिने आधी पाण्यात उतरलीय. आपल्या एकच पायरी वर उभा असलेला माणूस शोध. त्याला ती पायरी कशी चढली ते अजून आठवत असतं.

आणि एक सांगू का, या खेळाचा उगमच नवशिक्यांचा आहे. २५ सप्टेंबर १९७४, बुधवारची संध्याकाळ. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे या खाडीकाठी तिथल्या धावपटूंच्या क्लबने धावणं, सायकल आणि पोहणं एकत्र करून पहिली आधुनिक ट्रायथलॉन भरवली. ४६ जण उतरले. त्यातल्या बहुतेकांनी तोवर असं काही केलेलं नसणार, करणार कसं! त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी होते. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर त्यांनीच पहिली आयर्नमॅन घडवून आणली. सुरुवातीच्या रेषेवर फक्त १५ जण होते, १२ जणांनी ती पुरी केली. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आली ती २००० साली, सिडनीत. म्हणजे आज जी इतकी चकचकीत, महागड्या सायकलींची वाटते ती स्पर्धा चाळीस-पन्नास हौशी माणसांनी एकमेकांच्या जिवावर उभी केली. तुझ्या-माझ्यासारख्यांना तिथे उपरं वाटायचं काहीच कारण नाही.

आपली तर स्प्रिंट आहे, म्हणजे छोट्या अंतराची. पोहणं ७५० मीटर, सायकल २० किलोमीटर, धावणं ५ किलोमीटर. यातलं शेवटचं तुला आजही येतं. नियम एकदा शांतपणे वाच, त्यांनीच मला सगळ्यात जास्त धीर दिला. पोहताना कुठलाही स्ट्रोक चालतो. फ्रीस्टाइलच हवी असं नाही. बेडूकपोहणं चालतं, उताणं पडून आभाळाकडे बघत दम खाल्ला तरी चालतं. कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवर, स्वयंसेवक असतात, हात वर केलास की ते येतात. कयाक धरून हवा तेवढा वेळ थांब, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. धावायच्या टप्प्यात मध्येच चालत गेलीस तरी कोणी बाद करत नाही. सायकल साधी असली तरी घेतात, ब्रेक मात्र चोख हवेत. कडक नियम हेल्मेटचा: पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल स्टँडला परत लागेपर्यंत तो काढायचा नाही. हे घरी अंगणात चार-सहा वेळा करून बघ, हाताला सवय लागते.

तू विचारलंस, मुंबईत सायकल चालवतेस तरी कुठे? पहाटे, गं. सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी, आणि आठनंतर उरलेल्या रस्त्यांवर जागा नाही. त्यामुळे दादरचा फुलबाजार गजबजू लागतो तेव्हा आम्ही निघतो. झेंडूच्या गोण्या उतरत असतात, ओल्या रस्त्यावर पाकळ्या पडलेल्या असतात, तिथे जपून जावं लागतं. मग वरळी, हाजी अली, पेडर रोडचा चढ, मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंटला एनसीपीएपाशी वळून परत. जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वरच भरतात. चढावर मी पहिल्यांदा उतरून सायकल ढकलली, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले एक काकाही उतरले. त्यांना उतरायची गरज नव्हती. माझ्याशेजारून चालत म्हणाले, “पुढच्या खेपेला चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका कर. चढावर आल्यावर करायला गेलं की साखळी कुरकुरते.” तेवढंच बोलले. त्यांच्याबरोबर चालले ते अंतर मला सायकलवर बसून कापलेल्या अंतरापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव, ज्याला सगळे ब्रिक म्हणतात, तो आता सुरू कर. पहिला किलोमीटर पाय जड आणि खुळे वाटतात. मेंदूला पायांची नवी चाल धरायला वेळ लागतो. मला त्या सिस्टरताईने आधीच सांगून ठेवलं होतं, “पहिल्या किलोमीटरला रडू येईल, दुसऱ्याला येणार नाही.” तसंच झालं. हे आधी कळलेलं असलं की माणूस घाबरून थांबत नाही. सुरुवातीला दहा मिनिटं धावलीस तरी भरपूर. मुंबईच्या या ऑक्टोबरच्या दमटपणात घाम वाळतच नाही आणि नाडी उगाच चढते, म्हणून मी घड्याळ बघणं सोडून दिलंय. नाशकात तुझं तेवढं तरी सुख आहे.

तुझ्या जिममधला तो माणूस ‘या वयात कशाला’ म्हणाला, त्यावर तू पानभर लिहिलंयस. मला राग आला वाचून, खोटं कशाला बोलू. पण त्याला उत्तर देत बसू नकोस. सासूबाईंचा प्रश्न मात्र वेगळा आहे. शब्द तेच असतील, पण त्यांना तुझी काळजी आहे. एकदा डॉक्टरांकडून तपासून घे, कागद त्यांच्या हातात दे आणि एखाद्या रविवारी त्यांना तलावावर घेऊन जा. बाकावर बसून त्या फेऱ्या मोजतील. आमच्या बॅचमधल्या एकीच्या आई अशाच येऊन बसतात, आणि आता आम्हा सगळ्यांच्या फेऱ्या त्याच मोजतात. कोणी एखादी कमी केली तर त्यांना चालत नाही!

जानेवारीतला तिसरा रविवार आठवतो तुला? कॉलेजात असताना तू माझ्याकडे राहायला आली होतीस आणि आपण मुंबई मॅरेथॉन बघायला रस्त्यावर उभ्या होतो. पूर्ण मॅरेथॉनवाले परतताना माहीमकडून सावरकर मार्गाने जात होते. लोक घरून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेली काकडी घेऊन आले होते. कोणी कोणाचं नव्हतं. छातीवरच्या बिबवरचं नाव वाचून हाका मारत होते. मागे पडलेल्या, पाय ओढत चालणाऱ्यांना सर्वांत जास्त हाका मिळत होत्या. या शहरात लोकलला एकमेकांच्या अंगावर चढणारी हीच माणसं. मला तेव्हा वाटलं होतं की हे धावणाऱ्यांसाठी आहे. आता वाटतं की संत्र्याची फोड देणाऱ्यालाही त्यातून काही मिळत असणार. कारण तलावावर नवी आलेली मुलगी भिंत धरून थांबली की मी तिच्याकडे जाते, बुडबुड्यांचं सांगते, आणि त्या दिवशी माझंही पोहणं बरं होतं. तूही कोणाला तरी सांगायला लाग. ‘मला अजून येत नाही, मी काय सांगू’ म्हणू नकोस. जेवढं येतं तेवढं सांग.

आमच्या इमारतीचा वॉचमन मला रोज पहाटे गेट उघडून देतो. एक दिवस मासिक पाळीमुळे मी खाडा केला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मॅडम, कल नहीं आयी?” बाकी काही नाही. पण आपण नाही गेलो तर कोणाच्या तरी लक्षात येतं, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पुढे ढकलतं. तुझ्या तलावावर, तुझ्या रस्त्यावर असं एक माणूस करून ठेव. येता-जाता ‘उद्या भेटू’ म्हणत जा. मग जावंच लागतं.

आणि तू नाशिकची आहेस, सायकलवाल्यांच्या गावची. २०१५ मध्ये तुमच्याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. हे मी तुला तेवढं अंतर कापायला सांगत नाहीये. पण आपल्या गावचं कोणी तिकडे जाऊन आलं की त्या गावात सायकल घेऊन निघालेल्या बाईकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे तुला मिळालेलं बळ आहे. सकाळी रस्त्यावर जे गट दिसतात त्यांच्यातल्या सगळ्यात मागे राहणाऱ्याला जाऊन भेट. तो तुझ्यासाठी थांबेल.

खुल्या पाण्याची, म्हणजे समुद्रात किंवा तळ्यात पोहायची, घाई नको. तळ दिसत नाही, दोरी नाही, भिंत नाही, म्हणून भल्याभल्यांचा श्वास अडकतो. एकटीने तर कधीच उतरायचं नाही. डिसेंबरात समुद्र शांत असतो, तेव्हा आमच्यातले काही जण मालवणला चिवला बीचवर जाणार आहेत. तिथे सागरी जलतरणाची मोठी स्पर्धा भरते, लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे उतरतात. आपण स्पर्धेत नाही, नुसतं पाण्यात उतरून यायचं. दर काही हातांनी डोळे वर काढून समोरची खूण बघायची आणि सरळ जातोय का ते तपासायचं, एवढाच धडा. काका आणि सिस्टरताई बरोबर असतील, होडीही सांगून ठेवलीय. तुझी जागा मी धरलीय, रेल्वेच्या तिकिटाचं तेवढं लवकर कळव, कोकणच्या गाड्या भरतात.

त्याआधी दिवाळी झाली की शनिवारी सकाळची पंचवटी धरून इकडे ये. राहायला माझ्याकडेच. स्विमकॅप आणि गॉगल आण, गॉगल नवा घेऊ नकोस, माझ्याकडे एक जास्तीचा आहे, चेहऱ्याला नीट बसतो का ते आधी बघू. रविवारी महिलांच्या बॅचला तुला काकूंकडे सोपवते. फराळ आण, चकली तुझ्या सासूबाईंच्या हातची.

तुझ्या घरच्यांना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझीच,
दादरची मैत्रीण